तळ्याची ओटी

४ ऑगस्ट

पोचले एकदाची. विमानतळावरून इथे येईपर्यंत टॅक्सीत माझा डबा खाऊन झाला, एक झोप झाली, रघूशी फोनवर भांडण आणि समेट दोन्ही झालं, तरी बेळ्ळंदूर यायचंच होतं. रघू म्हणजे रघुनंदन, माझा नवरा. लग्नाला वर्ष व्हायचंय आणि सूनबाई दिवाळीपर्यंत बंगळुरूला तळ्यातला पाला मोजायला निघाल्या, हे सासूबाईंच्या पचनी पडलेलं नाही. रघूच्या पडलंय, निदान तो तसं म्हणतो. दिवाळीला घरी असेन असं त्याला सांगून आलेय, आणि खरं सांगायचं तर त्याची आठवण आजच येतेय.

तळं मात्र झकास आहे. बेळ्ळंदूरच्या मोठ्या तळ्याहून बरंच लहान. तीन बाजूंना काचेच्या उंच इमारती, चौथ्या बाजूला जुनी वस्ती आणि दगडी घाट. मधोमध पक्ष्यांसाठी केलेलं मातीचं बेट आणि त्यावर सिमेंटची एक खोली. ती माझं ऑफिस. छपरावर सोलर, आत टेबल, वजनकाटा, खाट आणि मागे मोरी. खिडकीत बसलं की पाण्यापलीकडच्या ऑफिसांतले लोक कॉफीचे कप घेऊन काचेशी उभे असलेले दिसतात. मीही माझा कप उंचावून दाखवला. एकाने ओळख असल्यासारखा हात केला.

माझे साहेब वादिराज लांबच्या बनशंकरीहून येतात, त्यामुळे ते रोज येताना निम्मे दमलेले असतात. त्यांनी काम थोडक्यात समजावलं. पावसाळ्यात जलपर्णी पसरते. किती आणि कुठे, ते मी मोजायचं, मशीन चालवणाऱ्या मल्लाप्पाने ती काढायची आणि त्यांनी अहवाल लिहायचा. कंपनीच्या ॲपमध्ये फक्त आकडे भरता येतात. आकड्यांबाहेरचं लिहायला ही रोजनिशी.

९ ऑगस्ट

अंग दुखतंय, पण छान वाटतंय. सकाळी मल्लाप्पा मला हरिगोलातून नेतो. हरिगोल म्हणजे टोपलीसारखी गोल होडी. ती त्याच्या हातात सरळ जाते आणि माझ्या हातात आली की जागच्या जागी गरगरते. यावर तो हसत नाही, फक्त आभाळाकडे बघतो. जलपर्णीच्या थरावर मी पाइपची चौकट टाकते, चौकटीतली झाडं मोजते, एक उपटून मुळांची लांबी बघते. वरून जांभळी फुलं, खाली केसांच्या गुंतवळासारखी काळी मुळं. ही आपली नव्हेच, बाहेरून कुणीतरी शोभेसाठी आणली आणि मग ती काही जाईना. दोन आठवड्यांत दुप्पट होते.

वाऱ्याने हे थर सरकतात. कुठून कुठे जातात ते कळावं म्हणून तळ्याच्या प्रत्येक कोपऱ्यातल्या काही झाडांना रंगीत फिती बांधून ठेवल्या. घाटाकडे लाल, पूर्वेला पिवळ्या, सांडव्याकडे निळ्या. मल्लाप्पाने विचारलं, मॅडम, राखी का. मी म्हटलं, तसंच समज.

१७ ऑगस्ट

आज घाटावर चक्क मराठी ऐकली. मथुराक्का नावाच्या सत्तरीच्या बाई. त्यांचे पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा सरदाराबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. मुलगा इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला आहे. त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड आणि उरलेल्या निम्म्यात असे शब्द, जे मी फक्त आजीच्या आजीकडून ऐकले असते. माझी मराठी ऐकून त्यांनाही गंमत वाटली. किती भराभर बोलता गं पुण्याचे लोक, कुणी मागे लागलंय का, असं विचारलं. मग घरी नेऊन जेवायलाच घातलं.

तळ्याला त्या केरे म्हणतात, आणि बोलतात ते घरातल्या मुलीबद्दल बोलावं तसं. केरेला यंदा बरं नाही. केरेचा जीव गुदमरतोय. मी त्यांना सांगितलं की जलपर्णीखाली उजेड जात नाही, प्राणवायू कमी होतो. त्या म्हणाल्या, तेच तर मी सांगतेय.

२६ ऑगस्ट

आपल्याकडे गौरी गणपतीच्या मागून येतात, इथे आदल्या दिवशी. सकाळी घाटावर मथुराक्का नटूनथटून उभ्या होत्या. त्यांच्या घरातून दर गौरीला केरेला बागिन जातं. दोन सुपं एकमेकांवर झाकलेली, आत हळदकुंकू, हिरव्या बांगड्या, काळी पोत, फणी, आरसा, खण, तांदूळ, डाळी, गूळ, नारळ. लेकीला माहेरून जातं तसं. पण घाटाशी जलपर्णी इतकी दाटलेली की पाणी दिसत नव्हतं. मी हरिगोलात बसतच होते. त्यांनी मला मगळे, म्हणजे लेकी, अशी हाक मारली आणि म्हणाल्या, "मगळे, स्वल्प आत नेऊन मोकळ्या पाण्यात सोड गं."

आता वाण कुणी पुढे केलं की माझे हात आईने लावलेल्या वळणानेच चालतात. डोक्याला उन्हासाठी ओढणी गुंडाळली होती, ती सोडली, पदरासारखी पुढे धरली आणि सुपं ओटीत घेतली. वर वाकून नमस्कारही केला. मथुराक्का एकदम गप्प झाल्या. हात तसेच पुढे राहिले त्यांचे. मला वाटलं, भरून आलं असेल.

पाण्यात ते मी सोडलं नाही. ज्या तळ्यातून दिवसभर प्लॅस्टिक वेचते, त्यात बांगड्या आणि आरसे कसे टाकणार. खोलीवर आणून ठेवलं, म्हटलं उद्या मथुराक्कांना हळूच परत देईन.

दुपारभर मुळांची वजनं केली. संध्याकाळी बाहेर येऊन बघते तर बेटाच्या चारी बाजूंना पाणीच नाही, सगळं हिरवं. मल्लाप्पा हरिगोल घेऊन निघाला, पण काठापासून हातभरही पुढे येईना. वारा फिरला असेल, उद्या मशीन आणतो, असं त्याने फोनवर सांगितलं. खाट आहे, दिवा आहे, एक रात्र काय मोठी. भूक लागली तेव्हा ओटीतला नारळ फोडून गुळाबरोबर खाल्ला. रघूला फोटो पाठवला. बेटाची राणी, असं त्याचं उत्तर आलं.

२८ ऑगस्ट

काल गणपती, मशीन आलं नाही. आज आलं. मशीन म्हणजे पुढे दात असलेला मोठा तराफा. तो जलपर्णी कापत येतो आणि पट्ट्यावरून वर घेतो. मल्लाप्पा चालवत होता. निम्म्या वाटेत दात अडकले, पट्टा थांबला. मग मला वाटलं, मल्लाप्पाच आपण होऊन मशीन मागे घेतोय. तसं नव्हतं. तो पुढेच रेटत होता आणि थर त्याला मागे नेत होता. न हिसडता, न उलटवता. घाटाच्या पायरीशी नेऊन लावलं आणि सोडलं.

मल्लाप्पा उतरला, चप्पलही न घालता चालत गेला. नंतर फोनवर म्हणाला, की खालून कुणीतरी दोन्ही हातांनी धरून बाजूला ठेवावं तसं वाटलं. मी त्याला वारा, प्रवाह, सांडवा असं बरंच काही समजावलं. माझंच मला पटत नव्हतं.

दुपारी बेटाच्या पायरीवर बसून खाली बघितलं. लाल फीत. तिच्या शेजारी पिवळी. निळ्याही. तळ्याच्या सगळ्या कोपऱ्यांतून, वारा कुठलाही असो, फिती बांधलेली सगळी झाडं माझ्या पायरीशी आली आहेत. भीती वाटली. पहिल्यांदाच लिहितेय हा शब्द.

३० ऑगस्ट

काल बचाव पथकाची रबरी होडी आली. तिलाही काठावर नेऊन ठेवलं. ते लोक भले होते, उद्या मोठी होडी आणू म्हणाले. आज मोठी आली, तिचंही तेच झालं. वादिराजांनी कुणा ओळखीच्या मुलाचा ड्रोन मिळवला. त्यातून रोज इडल्या, पाणी, साबण येतात. आणि इथेच घात झाला. माझ्या डोक्यावर छप्पर आहे, पोटात अन्न आहे, फोन चार्ज होतो, मग घाई कसली, असं सगळ्यांना वाटायला लागलं. हेलिकॉप्टर का नाही, असं मी विचारलं तर वादिराज म्हणाले, अर्जात काय लिहू, मॅडम ऑफिसात अडकल्यात?

समोरच्या काचांमागे लोक आहेत. शेकडो. मी दोन्ही हात हलवले, ओढणी फडकवली. त्यांनीही हात हलवले. काहींनी फोटो काढले. रिंग रोडवरच्या गाड्यांचे हॉर्न इथे ऐकू येतात. एवढ्या मोठ्या शहराच्या मधोमध, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर मी कोंडली गेलेय.

१ सप्टेंबर

एक प्रयोग केला. सकाळभर बेटाच्या पूर्व टोकाला बसले. दुपारपर्यंत थर पूर्वेला दाटला, पश्चिमेला पाण्याची पट्टी दिसायला लागली. पश्चिमेला गेले. तो पश्चिमेला आला. पुन्हा पूर्वेला. पुन्हा आला. वारा पडलेला होता, पान हलत नव्हतं. मी जिथे, ती तिथे.

आणि बाकीचं तळं स्वच्छ आहे. सगळी जलपर्णी माझ्याभोवती, पलीकडे निळं पाणी. वादिराजांचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज लग्नघरातला होता. इतकं मोकळं पाणी कुठल्याच हंगामात मिळालं नव्हतं. पुढच्या आठवड्यात मोठे अधिकारी पाहणीला येणार आहेत. तोवर तिथेच थांबा, हलू नका, असं म्हणाले. मी रडले तर म्हणाले, मॅडम, थोडं मोठं चित्र बघा.

रघूला आज सगळं खरं सांगितलं. तो थट्टा करत नाहीये आता. रजा टाकतो म्हणाला.

३ सप्टेंबर

पोहून जायचं ठरवलं. लाइफ जॅकेट घालून उतरले. घाटाकडे तोंड केलं की मुळं पायांना आवळायची, कंबरेला, छातीला. खाली ओढायची. बेटाकडे वळले की सैल. पुन्हा घाटाकडे, पुन्हा आवळली. जितका जोर मी लावला, तितकी जास्त ती आली, चारी बाजूंनी, दूरदूरची. तोंडात पाणी गेलं तेव्हा वळले. पायरीपर्यंत माझी मीच आले. अंगावर वळ उठलेत, पण रक्त नाही.

मारायचं नाहीये तिला. ठेवायचंय.

५ सप्टेंबर

मथुराक्का फोन उचलत नव्हत्या. आज उचलला. मी सरळ विचारलं, त्या दिवशी तुम्ही गप्प का झालात. त्यांनी सांगितलं. बागिन न्यायला सांगितलं होतं, घ्यायला नव्हे. नेणारी हातात नेते. पदरात घेते ती लेक. ते केरेचं होतं आणि केरेच्या जागी उभं राहून मी ते ओटीत घेतलं. नारळ खाल्लास का, असंही विचारलं. खाल्ला म्हटलं.

मी म्हटलं, आम्ही पुण्यात सगळं असंच घेतो, मला काय माहीत. त्या म्हणाल्या, तुझी चूक नाही गं, वळण चांगलंच आहे. मग मी विचारलं, मला इथून बाहेर कधी पडता येईल.

"तळं कुठं जातं, मगळे?" म्हणाल्या. "आहे तिथंच असतं."

त्यांच्या आवाजात वाईट वाटणं होतं. पण नुसतं तेवढंच नव्हतं. विहिरींना पाणी आलंय त्यांच्या, वास गेलाय.

६ सप्टेंबर

सुपं, बांगड्या, खण, सगळं पाण्यात टाकलं. माफी मागितली, मोठ्याने. बुडालं. काही बदललं नाही. मथुराक्का म्हणतात, भरलेली ओटी परत होत नसते.

घाटावर बायका जमल्यात. हातात तबकं. तोंडं माझ्याकडे. मी ओरडले, मला न्या. त्यांनी हात जोडले.

त्यांच्यात वादिराजही होते.

७ सप्टेंबर

पाहणी झाली. टाळ्या ऐकू आल्या. ड्रोनने पेढे आले. आणि एक साडी. हिरवी.

मुळं खोलीच्या मागे, मोरीतून आत—बोटभर. कापली. दुपारी पुन्हा.

तहान लागत नाही. कालपासून पाणी प्यायलेच नाहीये, आत्ता लक्षात आलं. रघू, लवकर ये. नको येऊस. ये.

८ सप्टेंबर

रघू आला. घाटावर उभा आहे, तो चौकटीचा शर्ट. इथूनसुद्धा ओळखला. फोनवर म्हणाला, उद्या मी येतो, कोण अडवतो बघू. मी सांगितलं, सगळ्यांना परत लोटलंय. म्हणाला, मला लोटू दे.

लोटलं तर बरंच. निदान कोरडा राहील. रात्रभर त्याला समोर बघत बसेन. तेवढं तरी—

९ सप्टेंबर

हरिगोल मागून घेतलाय त्याने. मल्लाप्पा नको म्हणत होता. एकटाच बसलाय. वल्हं धरता येत नाही, गोल फिरतोय. हसू आलं मला. किती दिवसांनी.

आता थर त्याला मागे नेईल.

नाही नेत.

बाजूला होतेय. वाट झाली. सरळ, घाटापासून माझ्या पायरीपर्यंत. एकालाही दिली नव्हती, त्याला—तो आनंदाने ओरडतोय—

मथुराक्कांना फोन. हे काय, का. त्या घाटावरच आहेत, हसतायत.

"जावयाला कोण अडवतं, मगळे? येऊ दे. पाट मांड."

त्याच्या मागे वाट मिटतेय. त्याने मागे बघितलंच नाही. परत जा म्हणून ओरडले, त्याला वाटतंय मी ये म्हणतेय. फोन खिशात वाजतोय त्याच्या, हात वल्ह्याला.

मला तो हवाय. एक क्षण गप्प बसले. लिहिते, कारण खरं आहे. येऊ दे म्हटलं मनात. दोघं असू. इथेच.

नाही.

मागच्या बाजूला आले. लांबच्या काठाकडे पोहायला लागले की मला धरायला सगळी इकडे येईल. सगळी. त्याच्याकडे एकही—पाणी मोकळं होईल, तो परत जाऊ—

पाय पाण्यात. येतेय. त्या बाजूने सरकतेय, दिसतंय मला. अजून पुरेशी नाही. जॅकेट घालत नाही, त्याने वर राहीन, आणि खाली गेले तरच सगळी येईल.

तो पायरीशी पोचलाय, हरिगोलातूनच मला शोधतोय. हाक मारतोय. रघू, बेटावर उतरू नकोस, पाणी उघडतंय, आत्ता वळ, आत्ताच, मी जाते तोवर तुला